बदलून मिळेल

शेतकऱ्यांच्या बाजारात भाजीवाल्या मावशींचा शब्द पक्का होता: माल खराब निघाला, तर पुढच्या रविवारी बदलून मिळेल. आईने गेल्या खेपेचे सडके बटाटे परत केले; मावशींनी हूं की चूं न करता चांगले दिले. पाच वर्षांचा थोरला निरखत होता. त्याने बाबागाडी पुढे ढकलली. आत तीन वर्षांची धाकटी होती. तिने अजून मानही धरली नव्हती. “मावशी, हिलाही बदलून द्या. आजी म्हणते, ही नासकी निघाली.” आईचं तोंड पांढरंफटक पडलं. मावशींनी ते चेष्टेवारी नेलं. टोपल्यांमागून उड्या मारत आलेल्या आपल्या लेकीला पुढे करून म्हणाल्या, “घे बाबा, ही ने. नुसता उच्छाद मांडते!” आईची नजर तिच्या नाचऱ्या पायांवर खिळली, ती खिळलीच. “आई, लवकर हो म्हण,” थोरला कुजबुजला, “मावशी नाही म्हणायच्या आत.”