मुहूर्तावरचं अपडेट

पाचव्यांदा रिफ्रेश केलं तरी स्क्रीन पांढरी ती पांढरीच.

कंपनीची वेबसाइट बाहेरून दिसत होती. आत शिरायचं दार, अ‍ॅडमिनचं पान, तेवढं उघडत नव्हतं. चार वाजता खरेदीदार येणार होते. गुणवत्तेचं नवं प्रमाणपत्र साइटवर दिसलं तरच बोलणी पुढे जातील, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. प्रमाणपत्राची फाइल साइट सांभाळणाऱ्या विजयश्रीजवळ तयार होती, चढवायला वाट नव्हती.

चूक कुठे झाली, ते तिला पक्कं ठाऊक होतं. चाकणच्या त्या रबरी सील बनवणाऱ्या कारखान्याचे मालक दादासाहेब नवा स्टेपलरसुद्धा मुहूर्ताशिवाय काढत नसत. पाहुणे यायच्या आधी साइट ताजी करायची ठरली, तेव्हा त्यांनी पंचांग पाहून अकरा एक्केचाळीसची वेळ काढली. मॉनिटरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. "हं, दाब," ते म्हणाले आणि तिनं साइटला जोडलेले सतराच्या सतरा प्लगइन, म्हणजे छोटे प्रोग्राम, एका दमात अपडेट केले. आधी बॅकअप घ्यावा, मग एकेक प्लगइन हाताळावा, हे क्लासमध्ये शिकवलं होतं. पण मुहूर्त होता चार मिनिटांचा.

पेढा तोंडात विरघळायच्या आत साइटनं तिला बाहेर काढलं.

"हे त्या सुजितचं काम नाही ना?" दादासाहेबांनी विचारलं होतं.

सुजित म्हणजे तिच्या आधी ह्या खुर्चीत बसणारा. रविवारच्या ओव्हरटाइमवरून खटका उडाला आणि आठ महिन्यांपूर्वी त्याला काढलं. विजयश्रीनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यानं दोनदा फोन केला होता. उचलू नकोस, असं दादासाहेबांनी बजावलं, म्हणून तिनं नंबरच ब्लॉक केला. त्याचं लॉगिन तर तिनं पहिल्याच दिवशी पुसलं होतं. तो काही करू शकत नव्हता, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण तिची नोकरी अजून कच्ची होती. कायम करायचं की नाही, ते ह्याच महिन्यात ठरणार होतं. त्या भरवशावर तिनं बीडहून आईला पुनावळ्यात आणलं होतं. आईनं खिडकीत कढीपत्ता लावला होता, आणि त्याला नुकती कुठे कोवळी पानं आली होती.

"असेल," ती म्हणाली. एवढंच.

दादासाहेब पोलिसात द्यायचा अर्ज लिहूनच केबिनबाहेर पडले.

दीड वाजला. सर्व्हरवाल्या कंपनीकडे तिनं बाराला तक्रार नोंदवली होती, पण फोन लावला की तिथे फक्त बासरीची धून वाजत होती. शॉपफ्लोरवरचे प्रेस धपधप पडत होते आणि प्रत्येक धपकीला तिचा जीव जात्यातल्या दाण्यासारखा फिरत होता.

तेवढ्यात फोन आला. अनोळखी नंबर.

"साइट अडकल्याची सूचना आली, म्हणून फोन केला."

"सर्व्हर कंपनीतून ना? किती वेळ वाट बघतेय मी."

तो माणूस हो-नाही न म्हणता थेट कामावर आला. "आधी स्क्रीन बघू या. सूचनेसोबत एक लिंक आलीय, मेसेजवर पाठवतो. तिच्यावरून तुमच्याच पासवर्डनं आत जा. मला पासवर्ड सांगू नका."

लिंक उघडली. दार किलकिलं झालं. फॉर्मचा प्लगइन बंद पडलेला दिसला. त्या माणसानं सावकाश समजावलं, की नव्या प्लगइनला नवं पीएचपी, म्हणजे साइट ज्यावर चालते ती प्रणाली, लागतं आणि सर्व्हरवर अजून जुनंच आहे. तिनं सर्व्हरच्या पॅनेलमध्ये जाऊन आवृत्ती बदलली, तर आता सगळी साइटच कोसळली. ती रडायच्या बेतात आली. तो म्हणाला, घाबरू नका, आता पानं साठवून ठेवणारा कॅशचा प्लगइन कुरकुरतोय, त्याच्या फोल्डरचं नाव बदला, म्हणजे तो आपोआप निजेल.

तो निजला. साइट उठून बसली.

"सतरा एकदम का केले?" त्यानं विचारलं.

तिनं मुहूर्ताचं सांगितलं. तो पहिल्यांदाच हसला.

"मग काय म्हणतात साहेब, कुणामुळे झालं?"

"आधीच्या माणसानं काहीतरी करून ठेवलं असेल, म्हणतात."

"आणि तुम्ही?"

तिनं कपाळावरचा घाम ओढणीनं टिपला. अनोळखी माणसापाशी खरं बोलणं सोपं असतं.

"मी हो म्हणाले."

मग घाईघाईनं तिनं चारला येणाऱ्या पाहुण्यांचं आणि चढवायच्या प्रमाणपत्राचं सांगितलं.

"प्रमाणपत्र चढवा," तो म्हणाला. "फाइल मोठी असेल. सर्व्हरवर मर्यादा दोन एमबीची आहे, ती आधी वाढवून घ्या."

तिनं मर्यादा वाढवली, फाइल चढवली. अडीचला प्रमाणपत्र साइटवर झळकलं. तिनं आभार मानायला तोंड उघडलं, तोवर त्यानं फोन ठेवला होता.

पाचला दादासाहेबांचा फोन आला. पाहुणे खूश होऊन गेले होते. तुला कायम केलं, म्हणाले. चौकीत अर्जही दिलाय, साक्षीदार म्हणून तुझं नाव घातलंय, उद्या सही करून ये.

"हो," विजयश्री म्हणाली.

लगेच पुन्हा फोन वाजला. सर्व्हर कंपनीतली मुलगी होती. उशिराबद्दल माफी मागून तिनं दुपारच्या तक्रारीचं विचारलं.

"तुमच्या माणसानं केलं की दुरुस्त."

"नाही मॅडम, आमच्याकडून हा पहिलाच फोन आहे."

कुणाला घरात घेतलं आपण? तिनं युजरची यादी पाहिली. तिच्यावाचून कुणी नव्हतं. मग सेटिंग्ज उघडली. साइटमध्ये बिघाड झाला की सूचना ज्याला जाते, तो इमेल तिथे असतो. आठ महिन्यांत तो बदलायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

त्या चौकटीत सुजितचा पत्ता होता.