अर्ध्या वाटेवरून

डोंगरावरच्या गुहेतल्या बुद्धमूर्तीसमोर एकदा तरी डोकं टेकवायचं, हा थोरल्या जावेचा ध्यास. शिलाई मशीन चालवून धाकटीचे गुडघे कामातून गेले होते, पण ताईंचं मन मोडवेना म्हणून ती सोबत आली. अर्ध्या वाटेवर मात्र तिचे पाय बोलायला लागले. ताई पाणी प्यायला थांबल्या, तेवढ्यात तिने थाप ठोकली, "ताई, खाली उतरणारे लोक सांगत होते, विहार आज बंद आहे."

ताईंचा चेहरा एवढासा झाला. तरी "असू दे गं, इथूनच हात जोडू," म्हणत त्या निमूट मागे फिरल्या. धाकटीला आतून खायला लागलं, पण खरं सांगायला जीभ रेटेना.

उतरताना काठी टेकत, धापा टाकत चढणाऱ्या एक आजी भेटल्या. ताईंना राहवलं नाही. "आजी, उगाच जिवाचे हाल करू नका. विहार बंद आहे."

धाकटी नुसती आपल्या चपलांकडे बघत राहिली.

"परत यायचं बळ नाही गं आता. पण बरं झालं बाई सांगितलंस," म्हणत आजींनी डोळे पुसले, आणि आधाराला धाकटीचाच हात धरून त्या डोंगर उतरू लागल्या.