आत जाणारी पावलं

लक्ष्मीपूजनाला दिवस मावळताना रुपालीने डोंगराकडेच्या घराचं अंगण झाडलं, सडा टाकला आणि उंबऱ्यापर्यंत रांगोळीने लक्ष्मीची पावलं काढली.

"आत जानारीच काढ गं," सासू आक्काबाई म्हणाली. "अन् दार उघडंच ठेव. या टायमाला लावलं तर लक्ष्मी माघारी जाती."

"पण आत्याबाई, बिबट्या हिंडतोय. परवाच आपल्या हौदावर पानी पिऊन गेला."

"सनासुदीचं अभद्र बोलू नको. बाळ पाळण्यात निजलंय, तवर झेंडू तोडून आन. मी गोठ्यात पणती ठिवून येते."

रुपाली परसातून टोपलीभर झेंडू घेऊन आली. ओल्या सड्यात, रांगोळीच्या पावलांशेजारी, ताजे पंजे उमटले होते.



तेही आत जाणारेच होते.