अर्ध्यावर थांबलेलं गाणं

मिरजेच्या दुरुस्तीच्या दुकानात पोतनीसांनी कॉलरवरचा प्लेअर काढून काउंटरवर ठेवला.

"सहा महिने एकच गाणं अर्ध्यावर अडकलंय. पुढंही जात नाही, दुसरंही लागत नाही. बघ काय झालंय."

रेहाना शिकलगारनं प्लेअर पडद्याला जोडला. हे यंत्र माणसांचं बोलणं ऐकायचं. सोबत गाणं ऐकणारं कुणी 'येते' म्हणून उठलं, की ते माणूस येईपर्यंत गाणं थांबवून धरायचं.

"काका, शेवटचं 'येते' कोण म्हणालं होतं?"

"माझी बायको, हेमलता. चंद्रावरच्या खाणीत वेल्डर आहे, तीन वर्षांची नेमणूक. निघेपर्यंत एक इअरबड माझ्या कानात होता, एक तिच्या. तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, येते."

रेहाना हसली. "तरीच! यंत्राला वाटलं, त्या येतायत, आत्ता पोचतीलच. परदेशी बनावट, त्याला काय कळणार आपलं बोलणं? थांबा, नवी आवृत्ती टाकते. तिला शिकवलंय, मराठी बाई 'येते' म्हणाली, की समजायचं, गेली."

"गेली?" पोतनीसांनी प्लेअर ओढूनच घेतला. "जिभेला काही हाड आहे का? अगं, कामावर गेलीय ती!"

"पण काका, अजून अडीच वर्षं गाणं असंच..."

"राहू दे." त्यांनी प्लेअर पुन्हा कॉलरला लावला. "येते म्हणालीय ना, मग येईल. तुझ्यापेक्षा यालाच चांगलं मराठी येतं."