पुराव्याचा रोल

"आधी आमच्यासमोर काढून दाखवा, मग प्रदर्शनात भिंत मागा," आमच्या छायाचित्रकार मंडळाने वैजयंतीबाईंना सुनावलं. पूर्ण अंध बाई रोलच्या कॅमेऱ्यावर फोटो काढते, हे कुणालाच पटत नव्हतं.

बाई लोहाराच्या भट्टीपाशी बसल्या. ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या दोरीचं टोक ऐरणीला बांधून त्यांनी बोटांनी गाठी मोजल्या, तेवढ्या अंतरावर लेन्स फिरवली आणि घणाच्या प्रत्येक ठोक्याला बटण दाबत रोल संपवत आणला. डोळस सभासद तोवर चहा पीत होते.

"बघू, काय आलंय," म्हणत अध्यक्ष बापूसाहेबांनी कॅमेरा उचलला. मोबाइलवर हजारो सूर्यास्त टिपलेला माणूस! मागे स्क्रीन सापडेना, म्हणून त्यांनी झाकणच उघडलं आणि फिल्म ओढून भर उन्हात निरखली.

"बापूसाहेब, झाकण उघडलंत?" आवाज ऐकून बाईंनी घाबरून विचारलं.

"काळजी नको ताई, मी नीट बघतोय. पण यात काहीच दिसत नाही हो!"

ऊन लागलेली ती फिल्म धुतल्यावर अर्थातच काळीठिक्कर निघाली. अंधांना छायाचित्रण जमत नाही, असा निष्कर्ष समितीने एकमताने काढला. तरी मंडळाला माणुसकी आहे. सहानुभूती म्हणून बाईंना जिन्याखालची भिंत मिळाली.

उद्घाटनाला त्या भिंतीवर एकच फ्रेम होती. आत ती काळी फिल्म, आणि खाली बाईंनी ठळक अक्षरांत छापून घेतलेली पाटी:

"छायाचित्रकार: बापूसाहेब शिरोळे, अध्यक्ष."