तेरावी गोळी

शिट्टी वाजली आणि सुन्निवानं पहिली गोळी झाडली. पंचवीस सेकंदांत होतील तितक्या गोळ्या. दलदलीपलीकडच्या काळ्या लक्ष्याकडं हाल्वारनं पाहिलंच नाही. त्याची नजर लेकीच्या उजव्या कोपरावर होती. कोपर वर, रायफलचा बोल्ट मागं. कोपर खाली, गोळी. सात. आठ.

पूर्वी असं बघावं लागत नसे. तो तिच्याकडं पाठ करून बसायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, "नवव्या गोळीला थबकलीस." पण तरुणपणी कान न झाकता केलेली नेमबाजी आता भोवली होती. दोन वर्षांत पाखरांचे आवाज गेले, मग दारावरची बेल, मग माणसांचं बोलणं. एका सुन्निवाचं बोलणं तेवढं त्याला अजून ऐकू येई. त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मैदानावर तर लपवायचीही गरज नसे. तिथं सगळ्यांचेच कान झाकलेले.

एकोणीस गोळ्या, अठरा लागल्या. तेलेमार्क जिल्ह्याच्या मुलीच्या एकोणीस. एका गोळीनं विजेतेपद गेलं.

सुन्निवा येऊन त्याच्यासमोर गवतात बसली. हाल्वारनं थर्मासमधली कॉफी ओतली. रात्रभर घोकलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं.

"पुढच्या वर्षी शेटिलकडं जा शिकायला."

"का?"

"तरुण आहे तो. मी आता... थकलो."

"ते राहू दे पप्पा. माझं कुठं चुकलं ते सांग."

"तेरावी गोळी. मॅगझिन बदललंस आणि कोपर फार लांब गेलं. पाव सेकंद तरी खाल्लास."

"शेटिल म्हणाला, सगळं झकास होतं." ती हसली. "मी कुठंही जाणार नाहीये."

हाल्वारनं मान वळवली. डोळे पुसायला त्याला रुमाल सापडेना.

तेवढ्यात क्लबमधला म्हातारा कोरे गरम वॅफल घेऊन आला. मघापासून तो दोघांकडं आळीपाळीनं बघत होता.

"काय रे, एकटाच काय बडबडतोयस?" तो म्हणाला. "आणि ही पोरगी नुसतीच ओठ हलवतेय. घसा बसला की काय हिचा?"

कोरेच्या ओठांवरचं हे बोलणं हाल्वारनं नीट वाचलं. हातात घेतलेलं वॅफल त्यानं खाली ठेवलं. तो हळूच लेकीकडं वळला.

"तू... आवाज काढतच नव्हतीस?"

तिनं मान हलवली.

"कधीपासून?"

"नाताळापासून," सुन्निवा म्हणाली. "तुला ओठ वाचायची सवय व्हावी म्हणून."

आणि तेसुद्धा हाल्वारला तिच्याच आवाजात, अगदी स्पष्ट ऐकू आलं.