बॉयलरचं निवेदन

कीर्तन रंगलं होतं, पण सदूभाऊंचं लक्ष शेजारी बसलेल्या मंत्र्यांकडे होतं. कारखानदार संघाचे अध्यक्ष म्हणून सदूभाऊंनीच हा सप्ताह बसवला होता. पक्षाच्या निवडणूक निधीला संघाची वर्गणी कालच पोहोचली होती आणि बॉयलरची दरसालची सरकारी तपासणी बंद करावी, असं निवेदन आता त्यांच्या खिशात होतं.

आरती झाली आणि रिवाजाप्रमाणे जो तो शेजारच्याच्या पाया पडू लागला. इथे लहानथोर कुणी पाहत नाही. मंत्रीही वाकले आणि मिश्कील हसले.

"अध्यक्ष, वर्गणी दिलीत ती दिलीत, वर पायाही पडून घेतलंत! द्या तो कागद, सही आत्ताच करतो."

सदूभाऊंचा हात खिशाकडे गेला, तोच दुसऱ्या बाजूच्या म्हातारीनं त्यांच्या पावलांवर कपाळ टेकलं.

"माउली, माझा किसन तुमच्याच बॉयलरवर असतो," ती म्हणाली. "जीव धुकधुकतो हो. पण सरकारचा माणूस दरसाल येऊन बघून जातो म्हणे, म्हणून डोळा लागतो."

आता तिच्या पाया पडायची पाळी सदूभाऊंची होती. त्यांनी डोकं टेकवलं, ते लवकर उचलवेना.

"अहो अध्यक्ष, गाडी थांबलीय," मंत्री म्हणाले.

मांडवाच्या दाराशी चाळीस कारखानदार त्यांच्याकडे डोळे लावून उभे होते. सदूभाऊ उठले आणि त्यांनी रिकामे हात जोडले.

"साहेब, वर्गणी राहू द्या तुमच्याकडे," ते म्हणाले. "आणि तपासणीही राहू द्या."